किराणा दुकानासमोर सहा कार की एक ओटा? (लातूर, ६० बाय ९० चा प्लॉट)

तागडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वाचतोय बरेच दिवसांपासून, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

लातूरच्या जुन्या बाजारात, गंजगोलाईजवळच्या एका बोळात आमचं किराणा-भुसारचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. तोंड बारा फुटांचं, पण आत खोल. आता औसा रोडच्या आतल्या बाजूला कोपऱ्याचा प्लॉट घेतलाय. पश्चिमेला बारा मीटरचा रस्ता, दक्षिणेला सहा मीटरची गल्ली. गिऱ्हाईकानं टोपली घेऊन स्वतःच माल काढायचा, अशा पद्धतीचं दुकान तिथं काढायचंय.

नकाशा आलाय. रस्त्याला लागून नाक आत घालून सहा कार, त्यांच्यामागं तीन पायऱ्या, त्यामागं दुकान. गाड्या आत याव्यात म्हणून रस्त्याकडची साठच्या साठ फूट कड तोडून उतार केलाय. प्लॉटच्या तोंडाशी दोन माणसांच्या कवेत येईल एवढा जुना लिंब आहे. त्याच्यावर लाल फुली.

वडील खूश आहेत. "गाडीवालं गिऱ्हाईक म्हणजे महिन्याच्या यादीचं गिऱ्हाईक. गाडी लावायला जागा नसली की ते सरळ मॉलला जातंय."

मला काही पटेना. गल्ल्यावर बसून वहीत तीन रकाने आखले, पायी, दुचाकी, चारचाकी, आणि गिऱ्हाईक आलं की एक काडी ओढायची असं आठवडाभर केलं. पायीवाल्यांना जादा पानं जोडावी लागली. चारचाकीच्या रकान्यात एके दिवशी चक्क भोपळा. वही वडिलांपुढं ठेवली तर म्हणाले, "बोळात गाडी शिरतच नाही, काडी कुठून पडंल?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून दोन संध्याकाळी नव्या प्लॉटवर लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. आसपास ट्यूशनची पोरं-पोरी राहतात, होस्टेलं आहेत. सात वाजता क्लास सुटले की रस्ता पायांनीच भरतो. दूध, अंडी, बिस्किटाचा पुडा, कपडे धुवायची पावडर. हे गिऱ्हाईक कारनं येणार नाही, आणि सहा गाड्यांच्या फटीतून वाट काढत पायऱ्या चढून येईल असंही वाटत नाही.

तर प्रश्न असा: गाड्या समोरून हटवायच्या तर न्यायच्या कुठं? आणि समोरच्या जागेचं करायचं काय?

---

ओव्हरसियर_निवृत्त

आधी नियमाचं बोलू, म्हणजे पुढं कोणी "पार्किंगच काढून टाका" म्हणणार नाही.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही अपवाद सोडले तर राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. त्यातल्या पार्किंगच्या तक्त्यात कार वेगळी आणि स्कूटर वेगळी मोजलीय. दुकानाच्या चटई क्षेत्रावरून आकडा निघतो आणि तो प्लॉटच्या आतच भरायचा. त्यात सूट मागायला जाऊ नका. पण गाड्या दर्शनी बाजूलाच हव्यात अशी सक्ती मात्र नाही. मागं करा, बाजूला करा, मजला वर उचलून खाली करा.

आता हिशोब. एका कारची चौकट अडीच मीटर बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण कार काही आभाळातून चौकटीत पडत नाही. शिरायची-वळायची जागा धरून उघड्यावर एका कारला २३ चौरस मीटर धरायचा आमचा प्रघात. स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवर उचललेल्या मजल्याखाली, २८, तळघरात ३२. सहा कारचे होतात १३८. तुमच्या नकाशात आहेत सहा चौकटी, ७५ चौरस मीटर. मग उरलेले ६३ गेले कुठं? रस्त्यावर आणि फूटपाथवर. दर गाडी बाहेर काढताना ड्रायव्हर मागं बघत, नाही तर न बघता, चालणाऱ्यांच्या अंगावर येणार. स्वतःची पार्किंग केल्याचं समाधान तुम्हाला, जागा मात्र गावाची.

साठ फूट कड तोडली म्हणजे तेवढा फूटपाथ मेला. पादचारी सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १०३ ही मार्गदर्शिका आहे. तीत फूटपाथवर कमीत कमी १.८ मीटर मोकळी चालायची वाट सांगितलीय, आणि दुकानांपुढं लोक बघत रेंगाळतात म्हणून त्याहून जास्त. १.८ कशासाठी, तर दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघाव्यात.

मी नांदेडचा. २००८ ला शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी जेएनएनयूआरएमच्या, म्हणजे केंद्राच्या शहरविकास योजनेच्या, पैशातून आमच्याकडं रस्ते झाले, चांगले रुंद फूटपाथ झाले. पुढच्या काही वर्षांत ज्याच्या दारात जेवढा फूटपाथ, त्यानं तेवढ्यावर आपला उतार ओतला. एकाचा उतार संपतो तिथं दुसऱ्याची पायरी. आजीबाई शेवटी रस्त्यानंच चालतात.

---

मीठमिरची

तागडीदादा, मी संभाजीनगरची, सिडकोत राहते. गिऱ्हाईकाच्या बाजूनं लिहिते.

आमच्या भागातल्या एका मोठ्या दुकानासमोर अगदी तुमच्या नकाशासारखी पार्किंग आहे. सासूबाई दाराशी पिशवीत कोथिंबीर नीट लावत उभ्या होत्या, एक गाडी मागं आली आणि त्यांचा पाय बंपर आणि पायरीच्या मधे सापडला. हाड मोडलं नाही एवढंच. तो मुलगा वाईट नव्हता हो, उतरून दहा वेळा पाया पडला. पण माणसांनी उभं राहायची आणि गाडीनं मागं यायची जागा एकच केल्यावर दुसरं काय होणार? सासूबाई आता त्या दुकानात जात नाहीत. त्या जात नाहीत म्हणून मीही जात नाही.

दुसरं. संध्याकाळी सातनंतर मी दुकान निवडते ते उजेड बघून. काचेला फ्लेक्स चिकटवून भिंत केलेलं दुकान मला नको. आत कोण आहे ते बाहेरून दिसावं, आणि आतला उजेड फूटपाथवर पडावा. तुमच्याकडं क्लासच्या मुली येणार, त्यांच्या आईबापांनाही हेच हवं असतं.

आणि तिसरं, खरं तर हेच सांगायला लॉगिन केलं. पिठाची गिरणी टाका. मोठी नको, एक चक्की. बायका डबा घेऊन पायी येतात, नंबर लागेपर्यंत वीस मिनिटं जातात. ती वीस मिनिटं आम्ही आत्ता उन्हात उभ्या असतो. तुमच्या दारात बसायला जागा असली तर डबा दळेपर्यंत गूळ-शेंगदाणे काय संपलंय ते आठवतंच की.

---

पूर्णाकाठ

तुम्ही सगळे लई शहरी बोलू लालात. मी परभणी जिल्ह्यातला, पूर्णेच्या बाजूचा. आमची खरेदी अशी पिशवीची नसते भाऊ. उन्हाळ्यात वर्षाचं भरायचं तर तेलाचे डबे, साखरेचं कट्टं, गुळाच्या ढेपा. लग्नसराईत तर टेम्पोच घेऊन येतो माणूस. त्याला तुम्ही ओट्यावर बसवून पाणी पाजणार का?

आणि सगळे गाडीनंच येत्यात असंही नाही. बाया एसटीनं येतात. २०२३ च्या मार्चपासून त्यांना अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरच्या वरच्याला त्याच्या आधीच फुकट. स्टँडवरून पायी येतात, चार दुकानं फिरतात. आमचा परभणीचा दुकानदार काय करतो म्हणाल तर माल बांधून नाव टाकून ठेवतो, "मावशी, गाडीच्या टायमाला या." हातात ओझं नसलं की मावशी अजून दोन दुकानं फिरती, आणि जाताना ह्याच्याकडंच परत येती. तुमच्या नव्या टोपलीवाल्या दुकानात बांधलेलं सामान ठेवून घ्यायची जागा कुठंय? नकाशात बघा बरं. मी सांगतो, नसणार.

---

सध्या_पुण्यात

मूळ बीडचा. चेन्नईच्या पाँडी बझारला २०१९ मध्ये गाड्यांचा रस्ता आवळून फूटपाथ रुंद केले. सुरुवातीला व्यापाऱ्यांची धास्ती तुमच्या वडिलांसारखीच होती, गाडी लावता आली नाही तर धंदा बसेल. आपल्याकडंही केंद्राच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' स्पर्धेत २०२१ ला निवडलेल्या ११ शहरांत औरंगाबाद (तेव्हाचं नाव) होतं. तेव्हा ही कल्पना मराठवाड्याला नवीन नाही. आमच्याकडं पुण्यात तर

---

पूर्णाकाठ

आलं का पुणं.

---

सध्या_पुण्यात

😀 वाक्य अर्धंच सबमिट झालं. राहू द्या, पुण्याचं नंतर.

तळघर केलं तर? वर सगळी जागा मोकळी.

---

ओव्हरसियर_निवृत्त

लातूरच्या काळ्या मातीत? ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तळघराच्या भिंतीला वर्षातून दोनदा ढकलून बघते म्हणा ना. भक्कम आरसीसी भिंत, वॉटरप्रूफिंग, पाणी उपसायचा पंप, वर रॅम्पला लागणारी लांबी. चार गाड्यांसाठी एवढा खर्च करणारा किराणावाला मी तरी पाहिला नाही. मोठ्या संकुलाला जमतं ते.

---

हुंडेकरी

गिऱ्हाईकाच्या गाडीवर एवढा खल चाललाय, मालाच्या गाडीचं कोणी काढलंच नाही. आमचा धंदा माल पोचवायचा.

किराणा दुकानासमोर रस्ता तुंबतो तो कारनं कमी आणि माल उतरवण्यानं जास्त. सकाळी अकरा वाजता छोटा हत्ती तोंडाला उभा, हमाल पाठीवर पोतं घेऊन गिऱ्हाईकांतून "सरका, सरका" करत आत. पायरी असली की पोतं घेऊन चढताना गुडघा जातो, आमच्यातल्या निम्म्यांचा गेलाय. गोदामाचा दरवाजा गल्लीकडून करा. त्याचा कट्टा टेम्पोच्या फाळक्याएवढा उंच घ्या, म्हणजे पोतं उचलायचं नाही, ओढायचं. वेळ सकाळी नऊच्या आत ठरवून टाका. नऊनंतर तीच जागा दुचाक्यांना द्या. एकच फरशी दिवसातून दोनदा कामाला येते.

ता. क. पोत्याच्या वजनावर कोणी बोलत नाही, पण ते ह्या धाग्याचा विषय नाही.

---

रेषा_आणि_छेद

आर्किटेक्ट आहे, म्हणून आधी त्या नकाशावाल्या भाऊबंदाची थोडी बाजू घेतो. मालक पहिल्या भेटीत म्हणतो, "समोर गाड्या दिसल्या पाहिजेत." मग तो काय काढणार? समोर उभ्या गाड्या म्हणजे दुकान चालतंय, अशी आपली एक समजूत आहे. चुलीतून धूर निघाला म्हणजे सैंपाक झाला, तशातली.

आता तुमच्या प्लॉटवर येतो. नुसतं कोपऱ्यावर असणं हीच तुमची लॉटरी आहे. दक्षिणेच्या गल्लीकडून, मागच्या अंगाला, चार कार शेजारी-शेजारी लावा. चार गुणिले अडीच, दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट लांबी आणि साडेसोळा फूट खोली. त्यावर स्लॅब टाकून गोदाम वर न्या. बारा मीटरच्या रस्त्यावरची कड एक इंचही तोडायची गरज पडत नाही.

दुचाक्या: स्कूटरची चौकट एक मीटर बाय दोन. एका कारच्या चौकटीएवढ्या जागेत सहा बसतात. तुमच्या वहीतल्या काड्यांना हा हिशोब लावून बघा आणि मग वडिलांना सांगा की एक कार म्हणजे सहा गिऱ्हाइकं. दुचाक्या गल्लीच्या तोंडाशी घ्या, दारासमोर नको. दारासमोर एक लागली की तिच्यामागं दहा लागतात.

पायऱ्या: जोतं ४५ सेंटीमीटर, १५-१५ च्या तीन पायऱ्या. रॅम्पचा उतार एकास बारा धरतात, म्हणजे ५.४ मीटर लांब रॅम्प लागेल. समोर सरळ काढायला गेलात तर तो फूटपाथवर जाईल आणि ओव्हरसियरसाहेब मला ओरडतील. म्हणून तो इमारतीला समांतर फिरवा, पडवीखालून. मी तर म्हणतो रॅम्प वेगळा करूच नका, पडवीची फरशीच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं हळूहळू चढवत न्या. मग आजी, बाळगाडी, चाकाची पिशवी, व्हीलचेअर, सिलिंडरवाला, सगळे एकाच वाटेनं येतात. कोणाला "तुमचं दार तिकडून" सांगावं लागत नाही.

पश्चिम: हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नकाशात सगळ्यात दुर्लक्षित. पश्चिमेला तोंड, पूर्ण काच आणि समोर तापलेले पेव्हर. मे महिन्यात दुपारी चारला त्या काचेमागं तुमचं चॉकलेट आणि वनस्पती तूप दोन्ही पातळ होईल. आठ फूट खोल पडवी घ्या. पडवीच्या कडेला दीड फूट उंच, सव्वा फूट रुंद ओटा. लिंब ठेवा. तोडायला तसंही १९७५ चा झाडांचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण परवानगी मिळते म्हणून तोडू नका. पश्चिमेच्या तोंडाला एवढी सावली विकत घ्यायला गेलात तर मिळायची नाही.

---

मीठमिरची

"तुमचं दार तिकडून" ह्याला शंभर मोदक.

---

तागडी

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद प्रिंट काढून वडिलांना वाचून दाखवले. पूर्णाकाठचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. "ह्या माणसाला धंदा कळतो," म्हणाले.

वाचता वाचता माझ्या एक लक्षात आलं. हे सगळं आम्ही ज्या गावात राहतो तिथं शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलंय. बाहेरच्यांसाठी सांगतो: गंजगोलाई म्हणजे मधोमध गोल दुमजली इमारत, आत अंबाबाईचं देऊळ, आणि तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आराखडा केला, इमारत १९१७ ची. एकेका रस्त्याला एकेक माल. सोन्याची ओळ, चपलांची ओळ, मिरचीची, गुळाची. मिरचीच्या ओळीत शिंका देत शिरायचं आणि गुळाच्या ओळीत माशा हाकत बाहेर पडायचं. माणूस मधे एकदा उभा राहिला की सोळा दिशा चालत्या अंतरावर.

आता तिथंही दुचाक्या आणि ऑटोनं पाय ठेवायला जागा नाही, हे मान्य. पण आजोबांच्या दुकानाला ओटा होता. त्यावर बसून गिऱ्हाईक यादी सांगायचं, नोकर आतून माल काढायचा. वडिलांनीच तो पंचवीसेक वर्षांपूर्वी फोडून शटर पुढं आणलं. त्याची आठवण काढली तर गप्प बसले, मग म्हणाले, "ओटा होता तेव्हा त्यावर गिऱ्हाईक कमी आणि रिकामटेकडे जास्त बसायचे."

---

हुंडेकरी

बसू द्या की. रिकामटेकडा बसलेला असला की मोकाट जनावर आत शिरत नाही आणि रात्री दुकान फोडायचं धाडसही होत नाही. फुकटचा वॉचमन.

---

सध्या_पुण्यात

एक शंका, आणि ही खरंच शंका आहे, पुणेरी खोच नाही. समोरून बारा मीटरच्या रस्त्यावर गाड्या मागं घेऊ नका म्हणून सगळे ओरडलो. मग मागच्या चार कार गल्लीत मागं येणार त्याचं काय? गल्लीत पोरं खेळतात.

---

रेषा_आणि_छेद

बरोबर पकडलंत. पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही, त्रास कमी करायचे उपाय आहेत. एक, चौकटी गल्लीच्या हद्दीपासून चार-पाच फूट आत घ्या, म्हणजे मागं येताना ड्रायव्हरला गल्ली दिसेल. दोन, कडेला भिंत नको, खांबच ठेवा. तीन, त्या चार जागा रोजच्या गिऱ्हाईकाला न देता महिन्याची यादी नेणाऱ्याला आणि पूर्णाकाठच्या टेम्पोला द्या. चार गाड्यांची दिवसभर ये-जा वेगळी, आणि दर दहा मिनिटाला दूध घ्यायला येणारी कार वेगळी. तरी गल्लीतल्या घरांशी आधी जाऊन बोला. नकाशा मंजूर झाल्यावर नव्हे.

---

ओव्हरसियर_निवृत्त

जोत्याबद्दल एक. ४५ च्या खाली आणायचा मोह होईल, रॅम्प छोटा होतो म्हणून. नका आणू. आपल्याकडं दर डांबरीकरणाला रस्ता वर चढतो, जुना थर कोणी खरवडत नाही. माझ्या हयातीत मी पायऱ्या वर चढायच्या ऐवजी खाली उतरायच्या झालेल्या पाहिल्यात. सप्टेंबरचा एखादा मोठा पाऊस, नाली तुंबलेली, आणि साखरेची पोती जमिनीवर. किराणावाल्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि नालीवर स्लॅब टाकताना उचलता येणाऱ्या फरशा टाका. एकसंध ओतलात तर साफ करणारा माणूस दोन वर्षांनी तुमचा ओटाच फोडेल.

---

पूर्णाकाठ

ओट्यापाशी माठ ठेवा. फिल्टर-बिल्टर नको, माठ. लाल कापड गुंडाळलेला, वर पितळी ओगराळं. तालुक्यावरून आलेला माणूस पाणी कुठं मिळालं ते विसरत नाही. आणि लातूरला तर २०१६ ला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तुम्हाला कोणी पाण्याचं महत्त्व शिकवायला नको.

---

मीठमिरची

अवांतर होईल, पण दाराशी भाजीवाल्या मावशीला बसू देणार का? की दुकान चकाचक झालं म्हणून हाकलणार? २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे वगैरे ठीक, मी कायद्याचं विचारत नाही.

---

तागडी

मावशी आधीपासून लिंबाखाली बसतात, आमच्याही आधीपासून. मेथी-शेपू त्यांच्याकडं, डाळ-तांदूळ आमच्याकडं. आम्ही पालेभाजी ठेवणार नाही, एवढं मी कबूल केलंय. फूटपाथची चालायची पट्टी सोडून झाडाच्या बुंध्याशी बसायचं, एवढं त्यांनी. एका कोपऱ्यात घरातला किराणा आणि भाजी दोन्ही मिळाली तर माणूस चालत येतो, हे नकाशात कुठंच लिहिता येत नाही.

---

तागडी

धागा वर काढतोय, तीन महिन्यांनी.

नकाशा बदलला. समोर एकही कार नाही. आठ फुटांची पडवी, फरशी एका टोकाकडून चढत जाते. बाहेरून आत दिसेल अशी काच, तिच्यावर फ्लेक्स लावायचा नाही असं कंपनीच्या सेल्समनना आत्ताच सांगून ठेवलंय. (दोघं रुसलेत.) आमच्या नकाशाला लागतात त्या चार कार गल्लीकडून, पाच फूट आत, वर गोदाम. गोदामाचा कट्टा हुंडेकरींनी सांगितला तसा. दुचाक्या गल्लीच्या तोंडाशी, नऊनंतर. दाराच्या डाव्या हाताला बांधलेला माल ठेवायची फळी, नावाच्या चिठ्ठीसकट. दूध-अंडी-ब्रेड दाराजवळ. धान्याचं सगळं मागं, काट्याजवळ. मोठ्या ट्रॉल्या घेतल्या नाहीत, हाताच्या टोपल्याच. पायी येणारा उचलून नेईल तेवढंच घेतो, त्याला ट्रॉली दिली तर रिकामीच ढकलत बसेल. बाकीच्यासाठी घरपोच आहे, दोन पोरं सायकलवर.

गल्लीतल्या सात घरांपैकी सहा तयार झाली. सातव्या घराचं म्हणणं गाड्यांबद्दल नव्हतंच, गिरणीच्या आवाजाबद्दल होतं. म्हणून गिरणी गल्लीकडून उचलून रस्त्याकडच्या कोपऱ्यात आणली, ओट्याला लागून. खरं तर आधीच तिथं हवी होती.

एक गोष्ट मात्र हरलो. ओटा मला पूर्ण तोंडभर हवा होता. वडिलांनी निम्माच ठेवला. "उरलेल्या निम्म्यावर सीझनला डाळीचा ढीग लावू," म्हणाले. काल आखणी होती. फक्की टाकणाऱ्या माणसाला त्यांनी थांबवलं, काठीनं ओट्याची उंची दाखवली आणि म्हणाले, "एवढा नको, अजून चार बोटं खाली घे. म्हाताऱ्याचे पाय टेकले पाहिजेत."

---

मीठमिरची

वडिलांना नमस्कार सांगा. गिरणीला थ्री फेज घेतलंय ना? सिंगलवर टाकू नका, आमच्या इथं उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की चक्की रडते.

---

तागडी

अर्ज टाकलाय. मीटर आलं की कळवतो.